ल्युपस, किडनी आणि सिस्टरनं विचारलेला प्रश्न

धंतोली म्हटलं की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे दवाखानेच येतात. यशवंत स्टेडियमपासून आत वळलं की गल्लोगल्ली पाट्या, खाली औषधांची दुकानं, आणि पायऱ्यांवर रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली माणसं. कुणी चंद्रपूरहून पहाटे निघालेलं, कुणी यवतमाळहून, कुणी पार छिंदवाड्याहून.

त्या गर्दीत आईबरोबर आलेली एखादी पंचविशीतली मुलगी असते. चेहरा गोल सुजलेला, ओढणी नाकापर्यंत ओढलेली. तिला ल्युपस आहे आणि आता त्याने किडनी धरली आहे. आज आपण तिच्या क्रिएटिनिनबद्दल बोलणार नाही. तिच्या मनाबद्दल बोलू, आणि दवाखान्यात तिच्याजवळ सगळ्यात जास्त वेळ असणाऱ्या माणसाबद्दल. म्हणजे सिस्टरबद्दल. ब्रदर असतील तर त्यांनाही हे सगळं लागू आहे.

आधी आजार थोडक्यात. शरीराची संरक्षण यंत्रणा जंतूंवर धावून जायच्या ऐवजी आपल्याच पेशींवर धावते, तो स्वयंप्रतिकार आजार. ल्युपस त्यातलाच. दहा रुग्णांमागे साधारण नऊ बायका, आणि तेही बहुतेक करून पंधरा ते पंचेचाळीस या वयात. किडनीतल्या गाळण्यांना सूज आली की लघवीतून प्रथिनं जायला लागतात, पायावर सूज येते, रक्तदाब चढतो. कधी आजार शांत बसतो, कधी काही कारण नसताना उसळतो. ही अनिश्चितता माणसाला पोखरते. हाड मोडलं तर सहा आठवडे मोजता येतात, इथे मोजायला काहीच नाही.

त्यात स्टिरॉइड. आजार उसळला की या गोळ्या किडनी वाचवतात, हे खरंच. पण त्यांनी चेहरा भरतो, मुरुमं येतात, भूक खवळते, झोप उडते, आणि मन कधी चिडचिडं तर कधी रडवेलं होतं. हे शेवटचं रुग्णाला कुणी सांगतच नाही! मग ती मुलगी समजते की आपला स्वभावच बिघडला. घरचे म्हणतात, ‘काय गं, आजकाल उगाच अंगावर येतेस.’ सिस्टरनं पहिल्याच दिवशी एवढं सांगितलं तरी निम्मं ओझं उतरतं: ‘हे गोळीमुळे होतं बाळा. डोस कमी झाला की चेहरा आणि मन दोन्ही हळूहळू जागेवर येतात. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घे, रात्री घेतलीस तर झोप लागणार नाही.’

हे न सांगितल्याची किंमत मोठी असते. मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून गोळ्या बंद. कॉलेजचं गॅदरिंग आहे म्हणून बंद. स्टिरॉइड एकदम थांबवलं तर गळून जाणं, उलट्या, रक्तदाब उतरणं असं होऊ शकतं, आणि आजार परत उसळतो तो वेगळाच. डॉक्टरांनी विचारलं, ‘गोळ्या नियमित?’ तर उत्तर ठरलेलं: ‘हो.’ पाच मिनिटांच्या भेटीत, शेजारी आई बसलेली असताना, दुसरं काय सांगणार?

आता हाच प्रश्न सलाइन लावताना, आई खाली औषधं आणायला गेली असताना, जरा वेगळा विचारून बघा. ‘बऱ्याच जणींच्या मधे मधे गोळ्या राहतात गं. मागच्या आठवड्यात तुझ्या किती राहिल्या?’ ‘किती’ म्हटलं की खोटं बोलायची गरज उरत नाही. ‘चार’ असं उत्तर येतं. मग रागावायचं नाही, कशामुळे ते विचारायचं. चेहऱ्यामुळे? पैशांमुळे? की पुढे मूल होईल का याची भीती? ती भीती अनाठायी नसते. काही औषधं अंडाशयावर परिणाम करतात, काही गरोदरपणात बाळाला घातक असतात. पण आजार बराच काळ शांत राहिला, औषधं वेळेत बदलली, तर अनेकींना मूल होतं. सिस्टरनं हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोचवला पाहिजे. मुलगी स्वतः विचारणार नाही, सासरचं कुणी बरोबर असेल तर नाहीच नाही.

किडनी निकामी झालीच तर डायलिसिस. एका वेळी साधारण चार तास, सहसा आठवड्यातून तीनदा, जाड सुया, आणि ज्या हातात फिस्टुला आहे त्यात घट्ट बांगडी नाही, त्या हातावर बीपी नाही. आणि पाणी मोजून! मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा ‘पाणी कमी प्या’ म्हणणं सोपं, पाळणं नाही. इथे उपदेश काही कामाचा नाही, युक्ती कामाची. मीठ कमी केलं की तहान कमी लागते, म्हणून आधी लोणचं-पापड सुटायला हवं. दिवसाचं ठरलेलं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचं, लहान कपानं प्यायचं, मधे चूळ भरायची. संत्र्याचंही तसंच. संत्र्यात पोटॅशियम बरंच असतं, म्हणून ते बंद होतं किंवा मोजून मिळतं. ज्याच्या काटोल-नरखेडकडच्या घरी बागच आहे, त्याला विचारा हे काय दुःख असतं. ‘त्यात काय एवढं’ असं सिस्टरनं म्हणू नये.

एक अडचण आहे. थकवा, भूक नसणं, झोप नसणं ही नैराश्याची लक्षणं, आणि किडनीच्या आजाराचीही. म्हणून नुसतं त्यावरून काही कळत नाही. विचारायचं ते असं: ‘पूर्वी जे आवडायचं, ते आताही करावंसं वाटतं का?’ दोन आठवडे उत्तर ‘नाही’ असेल तर नोंद करून डॉक्टरांना सांगायचं. आणि मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

मात्र रुग्ण अचानक असंबद्ध बोलायला लागला, भास व्हायला लागले, तर ते समुपदेशनाचं काम नाही. ल्युपस मेंदूवरही परिणाम करतो, स्टिरॉइडनंही असं होऊ शकतं. तिथे ‘मन घट्ट कर’ म्हणत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

माझी एक तक्रार आहे. बीपी, वजन, लघवीचं माप, सगळं चार्टवर लिहिलं जातं. सिस्टर दहा मिनिटं रुग्णाजवळ बसली, ते कुठेच लिहिलं जात नाही. मग पुढच्या पाळीच्या सिस्टरला कसं कळणार की या पोरीनं काल पहिल्यांदा गोळ्या सोडल्याचं कबूल केलं? चार्टवर एक ओळ वाढवायला काय लागतं?

घरच्यांसाठी दोन गोष्टी. डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारा. पैशांची काळजी हीसुद्धा मनाचीच काळजी असते. आणि रात्री-बेरात्री मन फार खचलं तर टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर रिपोर्टांच्या पिशवीवरच लिहून ठेवा, म्हणजे शोधावा लागणार नाही.