बसायला बाक, ट्रकला धाक

लंडनमध्ये आर्सेनलच्या एमिरेट्स स्टेडियमबाहेर क्लबचं नाव भल्यामोठ्या काँक्रीटच्या अक्षरांत उभं आहे. पोरं त्यावर चढतात, चाहते फोटो काढतात. भरधाव ट्रक गर्दीत घुसू नये म्हणून ही अक्षरं रोवली आहेत, हे कित्येकांच्या गावीही नसतं!

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर हेच काम ब्राँझचे ठोकळे करतात. हिऱ्यासारखे पैलू पाडलेले, टेकायला सोयीचे. नाव ‘नोगो’. त्याच शहरात ‘टायगर ट्रॅप’ही आहे: फरशीखाली ठिसूळ काँक्रीट. माणसं वरून खुशाल चालतात, जड ट्रक आला की जमीन खचते आणि चाकं रुततात.

वॉशिंग्टन स्मारकाभोवती पूर्वी काँक्रीटचे ओबडधोबड अडथळे ठेवले होते. भूदृश्यरचनाकार लॉरी ओलिन यांनी त्यांच्या जागी ग्रॅनाइटच्या बुटक्या, वळणदार भिंती आणल्या. गाडी अडते, नजर अडत नाही, आणि दमलेला पर्यटक तिथेच बसतो. कल्पना जुनी, 18 व्या शतकातल्या इंग्रजी बागांची: गुरं आत येऊ नयेत, पण देखावाही तुटू नये म्हणून तिथे कुंपणाऐवजी चर खणत.

लंडनमधल्या नव्या अमेरिकी दूतावासाला तर (2018) चक्क तळं राखतं. नगरच्या भुईकोटाचा खंदक पाहिलेल्याला ही युक्ती लगेच ओळखू येईल. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळेही हत्तीची धडक रोखण्यासाठीच. आज आपण ते शोभा म्हणून न्याहाळतो.

अडथळे हवेतच. मे 2017 मध्ये टाइम्स स्क्वेअरच्या फुटपाथवर घुसलेली गाडी अखेर पोलादी खांबांनीच थांबवली; तोवर एका तरुणीचा जीव गेला होता.

पण मला सर्वांत भावतो तो न्यूयॉर्कचाच ब्रायंट पार्क. उंच झुडपं आणि कुंपणाच्या आडोशाने तिथे अमली पदार्थांचा धंदा चाले. समाजशास्त्रज्ञ विल्यम व्हाइट यांचा सल्ला उलटाच होता: बाग उघडी करा! झुडपं काढली, वाटा वाढवल्या, हव्या तिथे ओढून न्याव्यात अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या. 1992 मध्ये बाग पुन्हा खुली झाली आणि माणसांनी भरून गेली. ही वर्दळच तिची राखण करते. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी 1961 मध्येच लिहिलं होतं की रस्त्यावर माणसांची नजर असली की रस्ता सुरक्षित राहतो.

याउलट लंडनचा कॅम्डेन बाक. मुद्दाम असा उतरता घडवलेला, की कुणाला आडवं होता येऊ नये. माणसाला हाकलणाऱ्या बाकाला मी चांगली रचना म्हणणार नाही.

26/11 नंतर गेटवे ऑफ इंडियाला आपण बॅरिकेड्स ओलांडून, तपासणीतून जातो. पहारा हवाच, पण तो दगडी कट्ट्याचा, झाडांच्या पारांचाही असू शकतो. तुमच्या चौकात उद्या नवं बॅरिकेड आलं, तर महापालिकेला जरूर विचारा: याच्यावर बसता येईल का?