समुद्रातली चुनखडी तळाशी का बसत नाही?

बोअरच्या पाण्यात हीटरची कॉइल काही महिने वापरली, की तिच्यावर पांढरा, खरखरीत थर चढतो. कागलला आणि देशावरच्या कितीतरी गावांत हा अनुभव येतो. हा थर मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचा, म्हणजेच चुनखडीचा असतो. पाणी तापले की त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कार्बोनेट उरते.

आता घाट उतरून मालवणला जाऊ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शिअम असते. उष्ण प्रदेशातील समुद्राचे वरचे पाणी चुनखडीच्या बाबतीत अतिसंपृक्त असते. म्हणजे जेवढी विरघळून राहायला हवी, त्याहून कितीतरी जास्त त्यात असते. मग समुद्र दुधासारखा पांढरा होऊन सगळी चुनखडी तळाशी का बसत नाही?

याचे मोठे श्रेय मॅग्नेशियमला जाते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते सुमारे १३०० मिलिग्रॅम असते. आयनांची संख्या मोजली तर कॅल्शिअमच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे पाच आयन येतात. चुनखडीचा स्फटिक वाढतो तो कॅल्शिअम आणि कार्बोनेट यांचे थरावर थर बसून. मॅग्नेशियमच्या आयनावरही दोनच धनभार असतात, पण तो आकाराने लहान असतो आणि भोवतीचे पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो. तो स्फटिकाच्या पृष्ठभागावर जाऊन बसला, की भिंतीत मध्येच वेगळ्या मापाची वीट बसावी तसे होते. पुढचा थर नीट बसत नाही आणि स्फटिकाची वाढ रखडते. शिवाय काही कार्बोनेट आयन मॅग्नेशियमशी जोडी करून अडकून राहतात.

मग प्रवाळ आपला सांगाडा कसा बांधतात? प्रवाळाचा जीव स्वतःच्या ऊतीखालच्या बंदिस्त जागेत पाण्याची अल्कता वाढवतो आणि तिथे चुनखडीचे ॲरॅगोनाइट हे रूप तयार करतो. त्याच्या जाळीत मॅग्नेशियम फारसे शिरत नाही. म्हणून समुद्रात आपोआप होऊ न शकणारे काम जीव करून दाखवतो.

हे सारे सर्वांत स्पष्ट दिसते ते प्रवाळांच्या टाकीत. मत्स्यालयातील प्रवाळ कॅल्शिअम आणि बायकार्बोनेट वापरून टाकतात, म्हणून सांभाळणारा ते वरून घालत राहतो. पण कितीही घातले तरी माप वाढत नाही, उलट हीटरवर आणि पंपावर पांढरा थर चढतो, असे कधीकधी घडते. अशा वेळी आणखी कॅल्शिअम घालणे म्हणजे थर वाढवणे होय. आधी क्षारता तपासावी. ती दर किलोला ३५ ग्रॅमऐवजी ३० ग्रॅम असेल, तर मॅग्नेशियमही त्याच प्रमाणात घटून ११०० च्या आसपास येते. क्षारता योग्य असूनही मॅग्नेशियम कमी असेल, तरच ते वेगळे घालावे.

साध्या मिठाचे पाणी करून समुद्र का बनत नाही, तेही येथे कळते. मिठागरात मीठ स्फटिक होऊन बाहेर येते तेव्हा बहुतेक मॅग्नेशियम मागच्या कडवट पाण्यात राहते. पावसाळ्यात खड्याच्या मिठाला पाणी सुटते, ते त्याला चिकटून आलेल्या थोड्याशा मॅग्नेशियम क्लोराइडमुळे.

मॅग्नेशियम मोजायचे कसे? बारावीच्या विद्यार्थ्यांना हे अनुमापन जमण्याजोगे आहे. सहलीहून येताना खाडीच्या मुखापासून दूर, स्वच्छ पाण्याची एक बाटली भरून आणावी. त्यातले १० मिलिलिटर पाणी ऊर्ध्वपातित पाण्याने १०० मिलिलिटर करावे. त्यातले २५ मिलिलिटर घेऊन, अमोनिया बफरने पीएच १० करून, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालावा आणि ०.०१ मोलर ईडीटीए ब्यूरेटमधून सोडावे. लाल रंग जाऊन निळा आला, की कॅल्शिअम आणि मॅग्नेशियम यांची बेरीज मिळते. सुमारे १६ मिलिलिटर ईडीटीए लागते. दुसऱ्या २५ मिलिलिटरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ च्या वर न्यावा. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बाजूला पडते. म्युरेक्साइड दर्शकाने आता फक्त कॅल्शिअम मोजले जाते, सुमारे २.६ मिलिलिटर. वजाबाकीतून मॅग्नेशियम निघते.

टाकीत १२०० चे १३०० करायचे असतील, तर १०० लिटरला १० ग्रॅम मॅग्नेशियम हवे, म्हणजे स्फटिकजलासहित मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे ८४ ग्रॅम. ते पाण्यात विरघळवून, एकदम न ओतता, दोन-तीन दिवसांत घालावे. नुसते मॅग्नेशियम सल्फेट वापरले तर सल्फेट विनाकारण वाढते.

समुद्रात मात्र हे मॅग्नेशियम कोण घालते? त्यातला काही वाटा आपल्या पायाखालच्या दगडाचा आहे. कागलची जमीन बेसॉल्टवर आहे. पावसाने या काळ्या दगडातून सुटलेले मॅग्नेशियम दूधगंगेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जाते. सागरतळाच्या पर्वतरांगांत नेमके उलट घडते. तिथला तापलेला बेसॉल्ट पाण्यातून मॅग्नेशियम घेतो आणि कॅल्शिअम देतो. या देवघेवीचा तोल बदलला, की समुद्र बदलतो. क्रिटेशस काळात पाच आयनांऐवजी एक-दोनच मॅग्नेशियम आयन कॅल्शिअमच्या एका आयनामागे होते. त्या समुद्रात कॅल्साइट सहज बनत असे. इंग्लंडमधल्या डोव्हरचे पांढरे कडे त्याच काळातले.

हा तोल बदलायला कोट्यवधी वर्षे लागली. आज हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रातले कार्बोनेट काही दशकांत कमी करतो आहे. प्रवाळभिंतींचे तुकडे सांधणाऱ्या लाल शैवालांची चुनखडी मॅग्नेशियमयुक्त असते आणि ती सर्वांत सहज विरघळते. मॅग्नेशियमचा पहारा चुनखडीला बाहेर पडू देत नाही, पण विरघळण्यापासून तिला वाचवूही शकत नाही.

म्हणून एक विनंती. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, त्यात जिवंत प्रवाळ आहेत. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. शाळेसाठी नमुना म्हणूनही तुकडा तोडून आणू नये. वर सांगितलेल्या प्रयोगाला पाण्याची बाटली पुरते. तेच अनुमापन, पाणी सौम्य न करता, गावातल्या बोअरच्या पाण्यावरही करावे. दोन्हींत कॅल्शिअमच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे किती आयन येतात, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे. घरच्या कॉइलवर थर का चढतो आणि समुद्राला का चढत नाही, हे त्यांना आपल्याच आकड्यांतून सांगता येईल.