पोटातलं पाणी

यकृत निबर झालेल्या, सोनईहून घोडेगावमार्गे नगरला आणलेल्या एका काकांना धड आडवंही होता येत नव्हतं. पोट तट्ट फुगलेलं, बेंबी बाहेर आलेली, दंड मात्र हाडाला चिकटलेले. डॉक्टरांनी सोनोग्राफीवर जागा पाहिली, पोटाच्या डाव्या बाजूला खाली भूल दिली आणि सुई आत सरकवली. नळीतून पिवळसर पाणी बाटलीत पडू लागलं. ते 5 लिटरच्या वर गेलं तर रक्तदाब उतरतो, किडनीवर ताण येतो. म्हणून दर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं. औषध महाग, बाहेर बाकावर त्याचाच हिशेब चालला होता.

थोडं पाणी आधीच तपासणीला गेलं होतं. त्यात न्यूट्रोफिल पेशी घनमिलीमीटरमागे 250 किंवा जास्त निघाल्या, तर पोटात संसर्ग झालाय असं धरून लगेच प्रतिजैविकं सुरू होतात. ताप नसला तरीही.

"काकू, मीठ किती असतं जेवणात?"

"वरून चिमूटभरही घेत नाहीत."

पुढे विचारल्यावर लोणचं निघालं, पापड निघाला, चहाबरोबरचं फरसाण निघालं. दिवसाला सगळं मिळून साधारण 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, एवढीच मुभा असते. पाणी वाढण्याची सुरुवात अशी ताटातच होते आणि रोज सकाळी वजन केलं तर ती कळतेही.

यकृताच्या या दुखण्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती भ्रम झालेल्या रुग्णांची. माणूस रात्रभर जागतो, दिवसा झोपतो, बोलताना अडखळतो. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काहीतरी झालंय. अंगारे-धुपाऱ्यात दोन-तीन दिवस जातात. प्रत्यक्षात थकलेल्या यकृताकडून अमोनियासारखी द्रव्यं निचरत नाहीत आणि त्यांचा परिणाम मेंदूवर होतो. हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले की ते फडफडतात. निमित्त अनेकदा साधं असतं: बद्धकोष्ठता, झोपेची गोळी, एखादा संसर्ग. लॅक्टुलोजचं पातळ औषध दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच व्हावी म्हणूनच दिलेलं असतं. "जुलाब होतात" म्हणून घरी तेच बंद केलं जातं, आणि रुग्ण पुन्हा भरती होतो.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटलेल्या असू शकतात. दुर्बिणीतून त्यांना रबरी बँड लावतात.

यकृताच्या रुग्णांच्या या वॉर्डात प्रत्येकाकडे दारुडा म्हणून पाहिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. दारू मोठं कारण आहेच. पण हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह, लठ्ठपणा यांनीही यकृत असंच निबर होतं. थेंबभर न घेतलेल्या बायका या लाजेपायी दुखणं लपवतात, काविळीची माळ घालून घरी बसतात. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधं 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत.

घरी सोडताना काकूंनी विचारलं, "मग यांना खायला घालू काय?" आहारतज्ज्ञ बाईंनी भाकरी, घट्ट वरण, अंडी सांगितली. प्रथिनं तोडायची नाहीत, आणि रात्री झोपण्याआधी थोडं खायचंच. अशा रुग्णाचं शरीर रात्री उपाशीपोटी स्वतःचे स्नायू जाळू लागतं.