बिडी ओढता का? नाही. मग दम का लागतो?

अर्धापूरच्या शिवारात हळदीची घाई चाललीय. कुठं हळद शिजतेय, कुठं वाळत घातलीय, कुठं पॉलिशचा ड्रम फिरतोय. ड्रमजवळ तासभर बसलं की अंग पिवळं होतं आणि नाकातोंडातही तेच जातं. याच दिवसांत आमच्या थोरल्या जाऊबाईंची छाती वाजायला लागते. रात्री आडवं होता येत नाही, पाठीशी उश्या लावून बसून राहतात. मागं एकदा दवाखान्यात गेल्या तर पहिला प्रश्न आला, "बिडी ओढता का?" त्यांना हसूच आलं. जन्मात बिडीला हात लावला नाही. मग खोकल्याची बाटली मिळाली आणि त्या घरी परत आल्या.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी आपलं पुष्कळ आयुष्य याच कोड्यात घातलं आहे. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसाची छाती का बिघडते?

त्यांच्या संशोधनाची सुरुवात डिझेलच्या धुरापासून झाली. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात ते दमा आणि ॲलर्जीवर शिकत होते. तिथल्या आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी एक प्रयोग केला. तो १९९९ साली छापून आला. पंधरा धडधाकट माणसं निवडली. त्यांना एकदा स्वच्छ हवेत ठेवलं आणि एकदा डिझेलच्या पातळ केलेल्या धुरात, फक्त एक तास. नंतर फुंकून घेण्याची चाचणी केली, तर काहीच फरक नाही. पण सहा तासांनी श्वासनळीत बारीक दुर्बीण घालून आतला नमुना काढला, तेव्हा नळीला आतून सूज येऊ लागली होती. वरून माणूस ठणठणीत आणि आतून नळी लाल! मला तर हे वाचून आपलं मळणी यंत्रच आठवलं. ट्रॅक्टरचा धूर एकीकडून, भुसा दुसरीकडून, मधे आपण. संध्याकाळी म्हणतो, "मला काही झालं नाही."

आता ही सूज म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ. छातीतल्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक बारीक होत जातात. दमा असलेल्या माणसाच्या नळ्या आतून कायम थोड्या सुजलेल्या आणि फार हळव्या असतात. धूळ, गाजर गवताचे परागकण, ओल्या भिंतीची बुरशी, फोडणीचा ठसका, काहीही लागलं की त्या आवळतात आणि आत चिकट कफ साठतो. म्हणून श्वास सोडताना सूं सूं आवाज येतो. औषधानं नळ्या पुन्हा सुटतात. दुसरा एक आजार आहे, डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. त्यात वर्षानुवर्षांच्या धुरानं नळ्या कायमच्या अरुंद होतात, औषधानं पुऱ्या सुटत नाहीत. आपण दोन्हींना दमाच म्हणतो. कोणता आहे ते फुंकण्याच्या यंत्रावर बऱ्यापैकी कळतं. त्या चाचणीला स्पायरोमेट्री म्हणतात.

पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशन ही संस्था २००२ साली सुरू झाली. डॉ. साळवी अनेक वर्षं तिचे संचालक होते. तिथून त्यांनी पाहिलं की सीओपीडी हा विडीकाडीवाल्या पुरुषांचाच आजार, असं सगळं जग धरून चाललं आहे. २००९ साली त्यांनी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यातला हिशोब साधा होता. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी, आणि लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी. म्हणजे फुंकणी हातात घेऊन डोळे चोळणारी बाई त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या कागदावर आली. घरात गॅस आलाय, हे खरं. पण आंघोळीचं पाणी अजून तुराट्या-पऱ्हाट्यांवरच तापतं आणि भाकरी चुलीवरचीच गोड लागते, हेही खरंच.

डासांच्या कॉइलकडेही त्यांच्या संस्थेनं लक्ष वेधलं. बंद खोलीत एक कॉइल रात्रभर जळली, तर तिच्यातून जे बारीक कण निघतात ते सुमारे शंभर सिगारेटींइतके असतात. आपण ती लेकराच्या उशाशी लावतो. मच्छरदाणी बरी.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र २०२२ सालची आहे. देशभरातल्या १,२७,३०९ मुलामाणसांचा दम्याबाबत अभ्यास झाला, त्यात डॉ. साळवीही होते. छातीत घरघर होणाऱ्यांपैकी शंभरातल्या ८२ जणांना दमा आहे असं कुणी सांगितलेलंच नव्हतं. आजार जोरात असलेल्यांतही सत्तर जण तसेच. सूज उतरवणारं ओढायचं औषध रोज घेणारे घरघरवाल्यांत शंभरात तीनही भरले नाहीत.

याला एक कारण म्हणजे पंपाची भीती. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचं औषध", "पोरीला पंप आहे कळलं तर सोयरीक मोडेल." ही शेवटची भीती मी दोन घरांत ऐकली आहे, आणि तिथं पोरीचा पंप धान्याच्या डब्यात लपवलेला असायचा. खरा हिशोब ऐका. नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांचं औषध पोटातून अंगभर फिरतं, आणि पंपाचं थोडंसं थेट नळीत उतरतं. जोरदार कोणतं, तुम्हीच बघा.

मात्र पंप सगळे एक नसतात. एक लगेच मोकळं करतो, पण सूज तशीच ठेवतो. दुसरा सूज उतरवतो. तो बरं वाटत असतानाही रोज घ्यावा लागतो आणि घेतल्यावर चूळ भरायची. नुसत्या पहिल्यावर दिवस काढणं धोक्याचं आहे. तुमच्या पंपात कोणतं औषध आहे ते डॉक्टरांना विचारा, आणि ओढायचा कसा ते त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा. बोलता येईना, ओठ निळे पडले, तर सकाळची वाट बघायची नाही.

जाऊबाईंना यंदा आम्ही नांदेडला नेलं. या वेळी डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "बिडी नाही साहेब, पस्तीस वर्षं चूल. आणि दर हळदीला त्रास वाढतो." मग फुंकायचं यंत्र पुढं आलं. आता पंप चुलीपासून दूर, कोनाड्यात, सगळ्यांना दिसेल असा ठेवलाय. पॉलिशच्या ड्रमवर यंदा धाकटा पोरगा बसतोय, नाकाला ओला रुमाल बांधून.