मिरामारेचे दोन मजले

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, त्रिएस्ते शहरापासून सातआठ किलोमीटरवर, एड्रियाटिक समुद्रात घुसलेल्या खडकाच्या टोकावर मिरामारेचा वाडा उभा आहे. शहरातून बार्कोलाच्या किनाऱ्याने निघालेल्या रस्त्यावरून तो खूप आधीपासून दिसू लागतो: इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाची उभी भिंत, कंगोऱ्यांचा बुरूज, तीन बाजूंना पाणी आणि पाठीशी २२ हेक्टरांचे गर्द उद्यान. उद्यान सगळ्यांना मोफत खुले आहे, वाडा पाहायला तिकीट लागते. जाणाऱ्याच्या कानावर वाड्याआधी पोचते ती शापाची गोष्ट. इथे मुक्काम करणाऱ्याला परमुलखात अपमृत्यू येतो, अशी ही आख्यायिका. वाटाड्यांच्या तोंडी ती आहे, प्रवासपुस्तकांत आहे, आणि समुद्राकाठच्या एकाकी वाड्याला ती शोभूनही दिसते. माझे म्हणणे असे की ही गोष्ट नुसती खोटी नाही, ती सोयीची आहे. इथून निघालेल्या माणसांनी जे जाणूनबुजून केले, त्याची जबाबदारी ती दैवाच्या खांद्यावर टाकते. त्या निर्णयांचा पुरावा मात्र याच वाड्यात, खालच्या आणि वरच्या मजल्यांवर, उघडा पडलेला आहे.

शापाच्या बाजूने सांगितली जाणारी नावे वजनदार आहेत, हे मान्य करायला हवे. वाडा बांधणारा ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक मॅक्सिमिलियन १८६७ साली मेक्सिकोत गोळ्या घालून मारला गेला. आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड १९१४ च्या मार्चमध्ये इथे होता आणि जूनमध्ये सारायेव्होत त्याचा खून झाला. १९३० च्या दशकात इथे संसार थाटलेला इटालियन ड्यूक आमेदेओ १९४२ मध्ये नैरोबीत ब्रिटिशांचा युद्धकैदी म्हणून वारला. पण यादी इथे थांबवली म्हणूनच ती भयाण वाटते. मॅक्सिमिलियनची पत्नी शार्लोट ८६ वर्षांची होऊन १९२७ मध्ये स्वतःच्या मायदेशी, बेल्जियममध्ये गेली. आमेदेओची धाकटी मुलगी १९३३ मध्ये याच वाड्यात जन्मली आणि नव्वद वर्षे जगली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५४ पर्यंत न्यूझीलंडच्या, ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या लष्करी अधिकाऱ्यांनी हा वाडा वापरला. त्यांचे पुढे काय झाले याचा हिशेब शाप सांगणारा कधी मांडत नाही. आणि यादीतल्या तिघांकडे नीट पाहिले तर त्यांना जोडणारा धागा वेगळाच निघतो. मॅक्सिमिलियन फ्रेंच फौजांनी व्यापलेल्या मेक्सिकोवर राज्य करायला इथून गेला. आमेदेओ इटलीने नुकत्याच जिंकलेल्या इथिओपियाचा व्हाइसरॉय होऊन १९३७ मध्ये इथून गेला. फ्रान्झ फर्डिनांड ज्या सारायेव्होत मेला, ते शहर असलेला बोस्निया ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये परस्पर आपल्या राज्याला जोडून घेतला होता. तिघांवरही ही वेळ आली ती दुसऱ्यांच्या भूमीवर सत्ता गाजवण्यातून. याला शाप म्हणण्याची गरज नाही.

वाड्याचा खालचा मजला पाहिला की मॅक्सिमिलियन मुळात काय होता ते कळते. सम्राट फ्रान्झ जोझेफचा हा धाकटा भाऊ १८५४ पासून ऑस्ट्रियाच्या आरमाराचा प्रमुख होता. १८५६ च्या मार्चमध्ये वाड्याचे काम सुरू झाले, वास्तुरचनाकार कार्ल युंकर. १८६० च्या नाताळात मॅक्सिमिलियन आणि शार्लोट खालच्या मजल्यावर राहायला आली. त्याची खासगी खोली नोव्हारा या जहाजाच्या मागच्या कक्षासारखी बांधून घेतलेली आहे. लाकडाने मढवलेल्या भिंती आणि हाताला लागेल असे वाटणारे ठेंगणे छत: बाहेर एवढा प्रशस्त वाडा असताना त्याला राहायला हवी होती ती जहाजावरची खोली. ग्रंथालयात होमर, दांते, शेक्सपिअर आणि गटे यांचे अर्धपुतळे आहेत. नोव्हारा हे काही शोभेचे नाव नव्हते. याच जहाजाने १८५७ ते १८५९ या काळात शास्त्रज्ञांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या सफरीत ते १८५८ च्या आरंभी मद्रासला आणि तिथून निकोबार बेटांना लागले होते. सफरीमागे मॅक्सिमिलियनचा आग्रह होता. सफरीवर गेलेला आंतोन येलिनेक हा माळी परत आल्यावर मिरामारेच्या बागेचा मुख्य झाला.

ती बाग हे या माणसाचे खरे कर्तृत्व. आज उद्यानात शिरणाऱ्याला वाटते की हे रान पूर्वापार असेल आणि त्यात कोणी वाडा बांधला असेल. घडले ते उलट. इथे कार्स्ट पठाराचा उघडाबोडका चुनखडक होता. पाणी मुरून जाई आणि जमिनीवरून समुद्राकडे झेपावणारा ‘बोरा’ हा थंड, कोरडा वारा रुजलेले उपटून नेई. स्टायरिया आणि कॅरिंथिया या ऑस्ट्रियन प्रांतांतून माती आणून या खडकावर पसरावी लागली. मग लेबनॉनचे, उत्तर आफ्रिकेचे आणि हिमालयातले देवदार आले, स्पेनचे फर, कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोचे सुरू, सिकोया, गिंको आले. वाऱ्याच्या तोंडावरच्या चढावर नागमोडी वाटांचे जंगल केले आणि आडोशाच्या भागात आखीव वाफे. जागेचा वारा, उतार आणि सावली ओळखून केलेली ही मांडणी दीडशे वर्षांनंतरही टिकली आहे, आणि ज्याला एखादी वास्तू तिच्या परिसरासकट समजून घ्यायची आहे त्याने वाड्याआधी या चढावर तासभर हिंडावे. माझ्या मते वाड्याच्या सगळ्या दालनांपेक्षा ही माती मोठी गोष्ट आहे.

जिना चढून वर गेले की माणूस बदलतो. खाली समुद्र होता, वर सिंहासन आहे. भिंतींना लाल कापड, त्यावर मेक्सिकन साम्राज्याचे चिन्ह. दरबारी दालनात हाब्सबुर्ग घराण्याचा वंशवृक्ष आहे आणि पाचव्या चार्ल्सच्या साम्राज्याचा नकाशा आहे. हा नकाशा थांबून पाहण्यासारखा आहे. सोळाव्या शतकातला हा हाब्सबुर्ग सम्राट स्पेनचाही राजा होता. त्याच्याच राजवटीत एर्नान कोर्तेसने अझ्टेकांचे राज्य बुडवले आणि मेक्सिको स्पेनच्या ताब्यात गेला. तो नकाशा सिंहासनाच्या दालनात लावण्याचा अर्थ सरळ आहे: तीनशे वर्षांपूर्वी आमच्या घराण्याने जिंकलेला मुलूख आमचा वारसा आहे. मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला होता, त्याचे स्वतःचे संविधान होते, निवडून आलेला अध्यक्ष बेनितो हुआरेझ होता. भिंतीवर त्यातले काहीच नाही. हे दालन पूर्ण झाले ते मॅक्सिमिलियनच्या मृत्यूनंतर, १८७० च्या सुमारास. या सिंहासनावर तो कधी बसला नाही. पण त्याची आखणी कोणत्या विचारातून झाली होती, हे दगड, कापड आणि रंगाने इथे कायम लिहून ठेवले आहे.

१८६४ च्या एप्रिलमधले दोन दिवस तर शापाची गोष्ट पार निकालात काढतात. मेक्सिकन राजपक्षीयांचे शिष्टमंडळ मुकुट घेऊन पहिल्यांदा आले ते १८६३ च्या ऑक्टोबरमध्ये. मॅक्सिमिलियनने तेव्हा अट घातली की मेक्सिकोच्या जनतेचा कौल हवा. तो कौल म्हणून जी संमतिपत्रे पुढे आली ती फ्रेंच सैन्याच्या ताब्यातल्या गावांतून गोळा केलेली होती, आणि त्याने ती पुरेशी मानली. ९ एप्रिलला फ्रान्झ जोझेफ स्वतः मिरामारेला आला आणि त्याने भावाकडून ऑस्ट्रियाच्या गादीवरचे हक्क सोडल्याचे लिहून घेतले. १० एप्रिलला मुकुट स्वीकारला गेला आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्याशी करार झाला. त्यानुसार फ्रान्सने मेक्सिकोवर केलेल्या स्वारीचा २७ कोटी फ्रँक खर्च मेक्सिकोने फेडायचा, शिवाय पुढे तिथे राहणाऱ्या प्रत्येक फ्रेंच सैनिकामागे वर्षाला १००० फ्रँक द्यायचे. गुप्त कलमांत फ्रेंच फौज ३८,००० वरून टप्प्याटप्प्याने १८६७ पर्यंत २०,००० वर आणायचे ठरले. स्वतःवर झालेल्या स्वारीचे बिल मेक्सिकोच्या लोकांनी भरावे, असा हा दस्तऐवज होता, आणि सही करणारा ३१ वर्षांचा, चार देश पाहिलेला, राज्यकारभार केलेला माणूस होता. १४ एप्रिलला तो वाड्याच्या धक्क्यावरून नोव्हाराकडे गेला. त्या धक्क्याच्या टोकाला इजिप्तचा एक दगडी स्फिंक्स आहे. पर्यटक तिथे छायाचित्रे काढतात.

इथे एक आक्षेप न्याय्य आहे. मॅक्सिमिलियन मनाने उदार होता, आणि मेक्सिकोत त्याने जे केले ते त्याला बोलावणाऱ्या सनातन्यांनाही रुचले नाही. चर्चच्या जप्त जमिनी त्याने परत केल्या नाहीत, हुआरेझच्या बहुतेक सुधारणा तशाच ठेवल्या, कर्जापोटी राबणाऱ्या शेतमजुरांसाठी कायदा केला, काही हुकूम नाहुआत्ल या स्थानिक भाषेतही काढले. हे सगळे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण चांगल्या कायद्यांनी परकी संगीन लपत नाही. ३ ऑक्टोबर १८६५ ला त्याच मॅक्सिमिलियनने हुकूम काढला की हत्यारबंद प्रजासत्ताकवादी सापडले तर लष्करी न्यायालयाने शिक्षा सुनावावी आणि २४ तासांत ठार करावे. या हुकुमाखाली मारल्या गेलेल्यांमध्ये प्रजासत्ताकाचे सेनापतीही होते. पुढे फ्रेंच फौज निघून गेली, मेक्सिकोतल्या केरेतारो शहराला वेढा पडला, आणि १९ जून १८६७ ला मॅक्सिमिलियनला मिरामोन आणि मेखिया या त्याच्या दोन सेनापतींसह गोळ्या घालण्यात आल्या. खटला चालला होता तो हुआरेझ सरकारच्या जानेवारी १८६२ च्या कायद्यानुसार, म्हणजे परक्या स्वारीला मदत करणाऱ्यांसाठी आधीच केलेल्या कायद्यानुसार. युरोपातून दयेचे अर्ज गेले, ते हुआरेझने मानले नाहीत. तो निर्णय कठोर होता का, यावर वाद करता येईल. पण तो निर्णय होता, आणि त्याची कारणे उघड होती. इटालियन कवी कार्दुच्ची याने ‘मिरामार’ या कवितेत या मृत्यूला अझ्टेक देवतांच्या सुडाचे रूप दिले. कविता म्हणून ती थोर असेल. पण तिने एका प्रजासत्ताकाच्या न्यायनिवाड्याच्या जागी रक्त मागणारा देव बसवला, आणि शापाच्या गोष्टीला तेव्हापासून भारदस्त आधार मिळाला.

दुसरा आक्षेप शार्लोटचा. तिच्याबद्दल कळवळा वाटू नये का? जरूर वाटावा. १८६६ च्या उन्हाळ्यात ती मदत मागायला एकटी युरोपात आली, पॅरिसने हात झटकले, रोममध्ये पोपच्या भेटीच्या दिवसांत तिचे मन पार ढासळले. मग मिरामारेच्याच उद्यानातल्या ‘कास्तेलेत्तो’ या छोट्या घरात तिला काही महिने बंदोबस्तात ठेवले. वाडा राहण्याजोगा होईपर्यंत नवविवाहित जोडपे याच घरात राहत असे. नवऱ्याच्या मृत्यूची बातमी तिच्यापासून बराच काळ लपवून ठेवली होती. त्यापुढची साठ वर्षे तिने तशीच काढली. हे वाचून ज्याचे मन हलत नाही तो पाषाणच. पण मेक्सिकोला जाण्याचा आग्रह तिचाही होता आणि तिथे नवऱ्याच्या गैरहजेरीत तिने राज्यकारभार पाहिला होता. तिला नुसती बळी ठरवणे म्हणजे तिची बुद्धी आणि इच्छा दोन्ही नाकारणे.

कोणी म्हणेल, सुट्टीच्या दिवशी झाडाखाली बसायला आलेल्या माणसाला हे कशाला? त्याने ऊन, सावली आणि समुद्र घ्यावा आणि जावे. तेही रास्त आहे. सार्वजनिक उद्यान त्यासाठीच असते. उलट मिरामारेचा आजचा वापर हेच शापाला सर्वांत चांगले उत्तर आहे. वाडा १९५५ पासून संग्रहालय आहे. समोरचा समुद्र १९८६ पासून संरक्षित आहे. खडकाभोवतालच्या गाभ्याच्या भागात मासेमारी आणि पोहणे बंद असल्याने तिथे मासे आणि समुद्री वनस्पतींची भरभराट आहे. उद्यानाला लागूनच अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेले सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, जिथे भारतासह आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले संशोधक दशकानुदशके येत आहेत. मेक्सिकोतलेही येतात, आणि त्यांच्या येण्याला कोणाच्या फौजेची गरज पडत नाही.

जाणाऱ्याने उद्यानाच्या वरच्या टोकाकडून उतरत यावे, कास्तेलेत्तो पाहावे, मग वाड्याचा खालचा मजला आणि शेवटी वरचा. दरबारी दालनातल्या नकाशापुढे मात्र घाई करू नये. कोर्तेसने जिंकलेला देश त्यावर शोधावा, आणि १० एप्रिलच्या करारातला २७ कोटींचा आकडा त्या जागी मनाने लिहून पाहावा.