परदेशांतील मजुरी आणि मजुराचें स्वातंत्र्य

याकोब आपला प्रांत सोडून लाबानाच्या घरीं गेला व तेथें त्यानें वीस वर्षें चाकरी केली. एवढ्या अवधींत लाबानानें दहा वेळां वेतन बदललें, अशी त्याची तक्रार उत्पत्तीच्या पुस्तकांत आपण वाचतों. परक्या मुलुखांत राबणाऱ्या मजुराचा प्रश्न इतका पुरातन आहे. त्याचें आर्थिक स्वरूप समजून घेण्यास मॉरिशस बेटाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

१८२५ सालीं मॉरिशसच्या साखरेवरील इंग्लंडांतील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेवरील जकातीइतकी उतरविण्यांत आली, आणि त्या बेटांत ऊंसाची लागवड झपाट्यानें वाढली. ती गुलामांच्या श्रमावर चालत असे. १८३३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला व १८३५ पासून तो तेथें लागू झाला. मळेवाल्यांस भरपाईदाखल वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गुलामांस कांहींच मिळालें नाहीं. मुक्त झालेल्या माणसांस मळ्यांवर राखावयाचें तर चांगलें वेतन देणें प्राप्त होतें. तें टाळण्यासाठीं मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलस’ जहाजानें छत्तीस हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरांत आले. पुढें सुमारें साडेचार लाख मजूर त्या बेटांत उतरले. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून गेले; परंतु मुंबई बंदरांतून रत्नागिरीकडील लोकही गेले. त्यांचे वंशज तेथें आजही मराठी म्हणूनच ओळखले जातात.

हे लोक गेले कां? गांवांत जमीन थोडी, हात पुष्कळ आणि डोक्यावर सावकाराचें कर्ज. उलट मॉरिशसमध्यें जमीन व गिरण्या तयार, पण हात अपुरे. मजुरीची किंमत एकट्या मजुराच्या बळावर ठरत नाहीं. त्याच्या हाताशीं जमीन, भांडवल व यंत्रें किती आहेत, यावरही ती ठरते. म्हणून तोच माणूस समुद्रापलीकडे गेला म्हणजे त्याच्या श्रमाचें उत्पन्न वाढतें. ही वाढ खरी असते. प्रश्न एवढाच कीं, ती मालकाच्या पदरीं किती पडावी आणि मजुराच्या पदरीं किती?

याचें उत्तर ‘गिरमिटां’त, म्हणजे करारांत, होतें. आरंभीं करार पांच वर्षांचा असे. पुरुषास दरमहा पांच रुपये व शिधा मिळे. त्या मुदतींत मजुरास मळा सोडतां येत नसे. सोडल्यास तो अपराधी ठरे. शिवाय एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचें वेतन कापीत. समजा, महिन्याचे सव्वीस दिवस कामाचे धरले आणि पांच दिवस मजूर गैरहजर राहिला, तर पांच रुपयांतील जेमतेम तीन रुपये त्याच्या हातीं पडत. शेजारचा मळेवाला अधिक वेतन देत असला तरी तेथें जाण्याची सोय नाहीं, तेव्हां घासाघीस करावी कशाच्या जोरावर? ज्यास दार सोडून जातां येत नाहीं, त्याच्या मजुरीचा भाव दाराच्या आंतलाच मनुष्य ठरवितो.

करार संपलेल्यांचीही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्यानें त्यांस छायाचित्र लावलेला परवाना बाळगणें भाग पाडलें. तो जवळ नसल्यास अटक होई. १८७१ सालीं आदोल्फ द प्लेव्हित्झ नांवाच्या, स्वतः मळ्याशीं संबंध असलेल्या एका युरोपीय गृहस्थानें ९४०१ मजुरांचा अर्ज गव्हर्नरापुढें ठेविला. त्यावरून शाही चौकशी मंडळ नेमण्यांत आलें व १८७८ सालीं मजुरांविषयीं नवा कायदा झाला. पुढें साखरेचे भाव उतरले, तेव्हां मळेवाल्यांनीं जमिनीचे तुकडे विकण्यास काढले, आणि करारमुक्त मजुरांनीं पै पै जोडून ते विकत घेतले. मनुष्य तोच, ऊंस तोच. बंधन सुटलें तेव्हां श्रमाचें फळ त्याच्या घरांत आलें.

विद्यार्थिमित्रांनो, ही कथा जुनी म्हणून सोडून देऊं नका. २०२२ सालीं परदेशस्थ भारतीयांनीं स्वदेशीं शंभर अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली. तिच्यांत आखाती देशांतील गवंड्याचे, वाहनचालकाचे व घरकाम करणाऱ्या भगिनीचे पैसे आहेत. त्या देशांतील ‘कफाला’ पद्धतीनें मजुराचा परवाना एका मालकाशीं बांधला जात असे. कतारनें २०२० सालीं मालकाच्या संमतीवांचून नोकरी बदलण्याची मुभा दिली, ही मोठी सुधारणा होय.

तुमच्यांपैकीं कित्येक उद्यां परदेशीं जातील. जाण्यांत कमीपणा नाहीं. मात्र पगाराचा आंकडा पाहून हर्षभरित होण्यापूर्वीं करारपत्र पूर्ण वाचा, दलालास किती द्यावें लागतें तें हिशेबांत धरा, पारपत्र आपल्या स्वाधीन ठेवा, आणि एक प्रश्न अवश्य विचारा: ही चाकरी न मानवल्यास मला सोडतां येईल काय? ज्या चाकरींतून बाहेर पडण्याची वाट आहे, तिच्यांतच मजुराच्या शब्दास वजन असतें.