आधी भार, मग यंत्र

कापसाची गाडी भरून अकोल्याच्या बाजाराला निघणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला भार शिकवावा लागत नाही. मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरजड. नावेचं गणितही भाराचंच. फक्त तिथं तो डावी-उजवीकडे हलतो आणि खाली जमीन नसते.

चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावर नावेत चढताना हे पायालाच कळतं. पाऊल कडेला पडलं तर नाव तिकडे कलते, मधोमध पडलं तर नुसती जराशी दबते. “खाली बसा, उभे राहू नका,” असं नावाडी सांगतो, तो हेलकावे आवरण्याचा पहिला उपाय.

समुद्रावर तेवढ्यानं भागत नाही. कोकणातल्या होडीला म्हणून उलांडी असते: आडव्या दांड्यांनी बाजूला दूर बांधलेला लाकडी ओंडका. होडी त्याच्याकडे कलली की पाणी ओंडक्याला वर लोटतं. पलीकडे कलली की त्याचं वजन तिला परत ओढतं. मुंबईहून मांडव्याला जाणारी दोन अंगांची कॅटामरानही अशीच रुंदीच्या बळावर स्थिर राहते. किंमत एकच, जागा जास्त लागते.

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेचा भरवसा तळाच्या जड कण्यावर. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. कणा कललेली नौका सरळ करतो. झुलणं मात्र वाऱ्यानं भरलेली शिडं आवरतात. शिडं उतरवली की तीही डोलते.

इंजिनाच्या हौशी बोटींना शिडं नाहीत. त्यांच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना पंख बसवतात. वाहतं पाणी त्यांवर दाब देतं, म्हणून वेगात ते उत्तम. नांगर टाकला की साधे पंख निकामी. तिथं जायरोस्कोप कामाचा. जर्मन अभियंता ऑटो श्लिक यांनी १९०६ मध्ये तो जहाजावर आजमावला. वेगानं फिरणारं जड चाक बोट कलताच पुढे-मागे झुकतं आणि तो कल परतवतं. उभ्या बोटीतही ते चालतं. पण वीज खातं, वजन वाढवतं आणि पूर्ण वेग घ्यायला वेळ लावतं.

म्हणून बोट घेणाऱ्यानं यंत्राची किंमत विचारण्याआधी बोट बहुतेक वेळ धावणार की उभी राहणार, हे ठरवावं. आपल्या तलावांना यातलं काहीच नको. रुंद तळ, खालची बैठक, मोजकी माणसं आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, एवढं हवं. भार पाहिल्याशिवाय शहाणा धुरकरी बैल जुंपत नाही. नावेचा दोरही भार पाहूनच सुटावा.